भर दुपारचे दिवे

दर गुरुवारी दुपारी आमच्या नवजीवन ले-आऊट या वसाहतीत पाय ठेवायला जागा नसायची. आर्णीहून, महागावहून ऑटो भरभरून माणसं यायची. मोकळ्या प्लॉटवर मंडप, मंडपात दीपेश्वर महाराज आणि बाहेर रणरणतं ऊन. महाराज हात उंचावून ओरडायचे, "निशाण झुकाओ! मान झुकाओ!" समोरच्या देवसिंगच्या गच्चीवरचं जाड मखमली निशाण दोरीनं खाली झुकायचं आणि त्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली जायच्या. मग लांबलचक मंत्र. तो संपला की महाराज गरजायचे, "जाग, दीपा, जाग!" लोक वर बघायचे, तर रस्त्यावरचे सगळे दिवे भर दुपारी लागलेले! बाया हात जोडायच्या, माणसं मोबाइल काढायची.

"हम कुछ नहीं करते, माउली," महाराज नम्रपणे सांगायचे. "हम तो सिर्फ कनेक्शन जोडते हैं. सप्लाय वरून येतो. मीटर नाही, बिल नाही आणि भारनियमन तर नाहीच नाही!"

एवढ्यावर लोक कसे भुलले, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्याला आमच्या ले-आऊटचा इतिहास ठाऊक नाही. इथली नाली कागदावर होती आणि रस्ता निवडणुकीच्या भाषणात. रस्त्यावरचे जुने दिवे लावायचं बटण रामसिंगच्या घराच्या भिंतीवर होतं. तो रोज संध्याकाळी ते दाबायचा आणि तो कुठं लग्नाला गेला की आम्ही अंधारात. मग सुधारणेची कुठली तरी योजना आली आणि नवे दिवे लागले. फीत कापली, फोटो निघाले, ठेकेदार जुनं बटण उपटून घेऊन गेला. नवं बटण कुठं आहे, हे कोणी सांगितलं नाही. पहिल्या संध्याकाळी दिवे आपोआप लागले, तेव्हा रामसिंग लेकरांची शपथ घेऊन सांगू लागला, "मी नाई दाबलं! मंग दाबलं कोनं?"

इतकी वर्षं दिवा माणसाच्या हातानं लागत आला होता. तो हात दिसेना, तेव्हा लोक हात शोधू लागले. त्याच दिवसांत प्लॉटवर उतरलेल्या एका जटाधाऱ्यानं तिन्हीसांजेला हात वर केला आणि दिवे लागले. झालं! नगरपरिषदेचा दिवा वेळेवर लागतो, हाच मुळात आमच्याकडे चमत्कार. त्याला एक महाराज जोडायला कितीसा वेळ लागणार?

मीही हसून सोडून दिलं असतं. कोपऱ्यावर माझं औषधाचं दुकान आहे आणि गुरुवारच्या उन्हात डोकेदुखीच्या गोळ्या चांगल्या खपायच्या. पण देवसिंगची आई मानीबाई दुकानात यायची थांबली, तेव्हा माझं हसू गेलं. तिला काचबिंदू होता. डोळ्यांत रोज थेंब घालायचे, जन्मभर घालायचे, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मी तिच्या घरी गेलो.

"मावशी, थेंब संपले असतील ना?"

"बंद केले, प्रफुल्लभाऊ. महाराज म्हने, रसायनानं आतली ज्योत इझते. थे ज्योत लावून राह्यले ना माह्या डोळ्यात."

"अहो, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. कशानंच येत नाही!"

"मले फरक हाय. आता दुपारी दिवा दिसते मले. आधी दिसे का?"

"आधी दुपारी लागतच नव्हता, मावशी!"

देवसिंग आतून बाहेर आला. "भाऊ, दुकान चालत नाई म्हून भेव दाखवता का माह्या याडीले?" त्यांच्या बोलीत आई म्हणजे याडी. नवा खांब आपल्या घराला खेटून उभा केला म्हणून ठेकेदाराला सगळ्यात जास्त शिव्या यानंच दिल्या होत्या. पण गच्चीवर निशाण आल्यापासून त्याला भलताच मान मिळू लागला होता. मी बाहेर पडलो. संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. म्हातारीची नजर आमच्या डोळ्यांदेखत चालली होती आणि सगळे टाळ्या पिटत होते.

मग एका दुपारी आभाळ काळंकुट्ट भरून आलं आणि दिवे लागले. त्या दिवशी गुरुवार नव्हता. महाराज पांढरकवड्याला गेले होते.

"पाहा! तिथून लावले!" रामसिंग गहिवरून म्हणाला.

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सत्यशीलाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "इथं ढग आले, हे महाराजांना पांढरकवड्यात कसं कळलं?" तेवढ्यात ढग हटले, ऊन पडलं, दिवे विझले. बाई खांबाकडे बघत राहिल्या. "सगळे मान खाली घालतात तेव्हा ते निशाण नेमकं कशावर टेकतं, कोणी पाहिलंय का?"

कोणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मंडपात मान ताठ ठेवली की शेजारचा कोपरानं ढोसतो.

पुढच्या गुरुवारी बाई मला घेऊन मानीबाईकडे गेल्या. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मावशी, महाराजांशिवाय, तुमच्या हातानं दिवा लागला तर थेंब घालाल?"

मानीबाई हसली. "माह्या हातानं लागला तं आजच घालतो."

देवसिंग आधीच मंडपात गेला होता. आम्ही तिला धरून गच्चीवर नेलं. खाली महाराज रंगात आले होते. "जिसकी भक्ती फुल व्होल्टेज, उसकी बीमारी शॉर्टसर्किट!" गच्चीच्या कठड्याला लागूनच खांब होता आणि खांबावर हात पोचेल अशी काचेच्या टोपणाची एक लहानशी डबी. निशाण झुकलं की बरोबर तिच्यावर पडणार, हे वरून स्पष्ट दिसत होतं. बाईंनी मानीबाईच्या हातात तिच्याच स्वयंपाकघरातलं भाताचं खोल पातेलं दिलं आणि म्हणाल्या, "या डबीवर पालथं धरा. जरा दम धरा."

मानीबाईनं पातेलं धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फटाफट सगळे दिवे लागले. 

मंडपात गलका झाला. निशाण झुकलं नव्हतं, मंत्र झाला नव्हता. महाराज दचकले, पण पडले धंद्यातले. "आज देव लवकर जागा झाला!" मानीबाईनं पातेलं उचललं. जरा वेळानं दिवे गेले. "अब विश्राम करतो आहे!" पातेलं पुन्हा पालथं. दिवे पुन्हा चालू. आता लोक हसू लागले.

"महाराज, तुमी फकस्त जाग म्हना!" मानीबाई वरून ओरडली. "पातेलं मी धरतो!"

बाई कठड्यापाशी आल्या. "या डबीला उजेड कळतो. अंधार झाला की ती दिवे लावते, उजेड झाला की विझवते. तिला थोडा वेळ लागतो, म्हणून मंत्र लांब. निशाण तिच्यावर टेकतं, म्हणून तुमच्या माना खाली!"

"यंत्र तो निमित्त है, माउली..." महाराज सुरू झाले.

"मंग निमित्त सोडून लावा!" ओरडणारा रामसिंगच होता. निशाणाची दोरी खालून ओढणारा बादल नावाचा शिष्य केव्हाच मंडपामागून पसार झाला होता. सायंकाळपर्यंत महाराजही गेले. त्या संध्याकाळीही दिवे रोजच्यासारखेच लागले.

देवसिंगनं निशाण स्वतः उतरवलं. दुसऱ्या दिवशी तो आईला यवतमाळला घेऊन गेला. परत येताना दुकानात आला, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "भाऊ, डावा डोळा वाचते म्हने डॉक्टर. उजवा गेला. याडीले मीच नेलं होतं ना मंडपात." मी थेंबांची बाटली त्याच्या हातात दिली. 

आमचे लोकही धन्य आहेत. आठवडाभरात कोणीतरी त्या डबीलाच हळदकुंकू वाहून आलं. मानीबाईनं पदरानं काच पुसली आणि गच्चीवरूनच सुनावलं, "कुंकवानं हिची काच झाकली तं दिवसा दिवे लागतीन, अन् पुन्हा एखादा महाराज येईन! पाया पडाचं तं देवळात पडा. डोळ्याले डॉक्टर दाखवा."

मानीबाईच्या उजव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. एकट्या महाराजांनी ती घालवली नाही, टाळ्या पिटणारे आम्हीही त्यात होतो. म्हणून सांगतो: कोणी मान खाली घाला म्हणालं, तर एकदा वर बघून घ्या. गोष्ट खरी असेल तर ती बघितल्यानं पळून जाणार नाही.