नळीतली हवा

कर्र... स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला आणि दुपारची शांतता मोडली. आई पक्कड शोधत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवात त्या आवाजाने झाली. मी मोटारसायकलच्या इंजिनातला दाब मोजणारा एक घरगुती दाबमापक आहे. दुकानातली माझी भावंडं डब्यात ऐटीत झोपतात. मी ओट्यावर, पोळपाटाशेजारी जन्मलो.

आईने एक जुना स्पार्क प्लग घेतला, ठोकून ठोकून त्याच्या आतली चिनीमाती काढली. उरलेल्या आटेदार बुडात वीतभर रबरी नळी घट्ट बसवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला भंगारातल्या पंपाचा दाब दाखवणारा काटा लावला. आत आलेली हवा मागे पळू नये म्हणून टायरच्या ट्यूबमधला चिमुकला व्हॉल्व्ह घातला. तो तिने काट्याजवळ घातला, कारण तिथे हात सहज पोचत होता.

"आई, हे काय गं?" ठमीने विचारलं.

"इंजिनात जोर किती उरलाय ते हे सांगतं. तुझ्या आजोबांच्या गॅरेजात असलं होतं."

मित्रांनो, मला अजून काहीच सांगता येत नव्हतं.

ठमीचे बाबा डोंगरापलीकडच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचे. वाटेतला घाट निर्मनुष्य. तिथे फोन लागत नाही, आणि एका अंगाला खोल दरी. हल्ली त्यांची गाडी चढावर गळपटायची. म्हणून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांच्या गाडीचा प्लग काढून त्या जागी मला इंजिनात पिळून बसवलं. बाबांनी किक मारली. इंजिनातली गरम हवा माझ्या अंगात घुसली. मी थरथरलो. काटा थोडा चढला आणि अर्ध्यातच थबकला.

"काय म्हणतंय तुझं रत्न?" बाबा हसले.

"हसू नकोस. इंजिन गेलंय. ही गाडी घाटात न्यायची नाही."

"अगं, काल दुपारी बांधलंस, आणि आज लगेच निकाल?"

"माझं ऐक ना. एवढं एकदाच."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही. शेजारच्या गल्लीतून काकांची जुनी गाडी आणली, अवजारांची पिशवी बांधली आणि ते निघाले. जाताना आईने मला कुरवाळलं. "शहाणं माझं," म्हणाली. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

पण तिला चैन पडेना. शेजारीणबाईंची गाडी नवीकोरी होती. आईने सहज म्हणून मला तिच्यावर लावलं. काटा पुन्हा अर्ध्यातच थबकला.

तिने मला उलटंसुलटं केलं, नळी दाबून पाहिली, आणि चूक तिच्या लक्षात आली. व्हॉल्व्ह चुकीच्या टोकाला होता. इंजिनाची हवा नळीभर पसरत होती, आणि म्हणून काट्यापर्यंत तिचा अर्धाच जोर पोचत होता. मित्रांनो, घरी असलं काही बनवाल तेव्हा त्याच्यावर भरवसा टाकण्याआधी ते धडधाकट गाडीवर लावून बघा. हे आधी, मग बाकीचं. हात जोडून सांगतो.

आईने व्हॉल्व्ह काढून प्लगच्या बुडात बसवला आणि बाबांची गाडी पुन्हा तपासली. काटा सरसर चढला आणि वर ठाम उभा राहिला. इंजिन ठणठणीत होतं. हवा गाळणारा एअर फिल्टर तेवढा धुळीने बुजला होता, म्हणून गाडी गळपटायची. झटकायला दोन मिनिटं लागली.

मग तिने बाबांना फोन लावला. पुन्हा लावला. पलीकडे नुसती शांतता. ते घाटात शिरले होते.

ठमी अंगणात उभ्या असलेल्या चांगल्या गाडीकडे बघत होती. मग ती आईजवळ आली, तिचा पदर धरला आणि हळूच म्हणाली,

"आई, काकांची गाडी कुणी तपासली होती?"