पिंजऱ्यातली वाळू

मित्रांनो, मी जुनी जीप आहे. माझं इंजिन सुरू झालं की हे वेगळं सांगावं लागत नाही. मी जुनी आहे आणि घाबरटही आहे. लोकांना वाटतं, जीपसारखी जीप, दगडधोंड्यांतून जाणारी, हिला कसली आली भीती? अहो, जिच्या पोटात माणसं बसतात तिला भीती वाटायचीच. उगाच मोठेपणा कशाला सांगू?

कारखान्यातून निघाले ती थेट सरकारी खात्यात गेले. तिथे माझा थाट होता. रोज सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसलं जायचं, साहेब बसले की शिपाई दार लावायचा. पुढे खात्यात नव्या गाड्या आल्या आणि मला मागच्या आवारात नेऊन उभं केलं. शेळ्या माझ्या बॉनेटवर चढून लिंबाचा पाला खाऊ लागल्या. शेवटी एका लिलावात यावलच्या जीवरामने मला घेतलं. त्याची केळीची बाग होती. मग काय, केळीचे घड, खताची पोती, आजारी माणसं, लग्नाचं वऱ्हाड, मी काय काय वाहिलं नाही ते विचारा.

जीवराम माणूस प्रेमळ, पण मनात आलं की दम धरवत नाही असा. त्याची बायको सुनंदाबाई शांत. बागेत जेवण पोचवायचं म्हणून ती मला चालवायला शिकली तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली होती. जीवराम मला हाकायचा आणि सुनंदाबाई मला चालवायची, एवढा दोघांत फरक. माझा क्लच जरा घसरू लागला तरी तिच्या पावलाला आधी कळायचं.

साधारण एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या काही हौशी मंडळींनी लळिंगच्या डोंगराकडच्या माळावर जीपगाड्यांची शर्यत भरवली. रस्ता असा नाहीच. नाले, चढ, खडक, आणि मधे एक तिरपी उतरंड, म्हणजे एका अंगाला कललेला उतार. जीवराम मला घेऊन ती बघायला गेला आणि वेडाच झाला. घरी आल्या आल्या सुनंदाबाईला म्हणाला, "पुढच्या साली आपली जीप तिथं पळीन. लाउडस्पीकरवर यावलचं नाव घेतीन."

झालं. हिवाळा सरला आणि घरामागच्या चिंचेखाली माझी मोडतोड सुरू झाली. हूड काढलं, मागची बाकं काढली, दारं काढली, स्प्रिंगांचे पाटे बदलून मला उंच केलं. आरशात पाहायची सोय असती तर मीच मला ओळखलं नसतं. आणि गाडी उलटली तर आतला माणूस चिरडू नये म्हणून वरून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा ठरला. पाइप कुठून आणायचे? बागेतल्या विहिरीचे जुने, जाड पाइप पडलेलेच होते.

पाइप नुसता वाकवला तर मधे चेपतो. म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरतात, दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोकतात आणि तापवून वाकवतात. हे काम पुनाने केलं. पुना जीवरामचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतगडी. दिवसभर भट्टीपाशी राबून त्याने पाइप असे छान वाकवले की बघत राहावं. ते गार व्हायला भिंतीशी टेकवून ठेवले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आता आखाजी म्हणजे आमच्या खान्देशातला केवढा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, काम म्हणून कोणी करत नाही. आणि सालदाराचं सालही आखाजीलाच फिरतं. पुनाचं साल संपलं. तो पुरणपोळी जेवला, पाया पडला आणि चोपड्याकडच्या एका गावी नव्या मालकाकडे गेला.

सण आटोपल्यावर जळगावहून कौतिक वेल्डर आला. त्याने पाइपांना टोकाशी बुचं पाहिली. आमच्याकडे रिकाम्या पाइपात गांधीलमाश्या घर करतात, म्हणून कोणीही असं बूच ठोकून ठेवतो. त्याला वाटलं, तसंच असेल, आणि जड लागतात ते पाइप जाड आहेत म्हणून. त्याने बुचांवरच पत्रे ठेवले, वेल्डिंग मारलं आणि पिंजरा माझ्या अंगावर कायमचा बसवला. पुनाला वाटलं कौतिक वाळू काढेल. कौतिकला वाटलं पुनाने काढली. जीवरामला वाटलं दोघांनी मिळून काढली. बारभाईची शेती, काय लागेल हाती!

वाळू तशीच आत राहिली, मित्रांनो, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. डोक्यावर एक धट्टाकट्टा माणूस कायमचा बसवल्यासारखं मला वाटायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. सरळ रस्त्यावर ठीक, पण जरा तिरपं झालं की माझं वरचं अंग मला ओढून नेऊ बघायचं. त्या तिरप्या उतरंडीची आठवण आली की माझं पाणी पाणी व्हायचं. जीवराम त्या उतरंडीवर मला सोडणार होता आणि मला तोंड नव्हतं.

मला बोलता येत नाही, पण झुकता येतं. सरावाला जीवराम मला सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचा, तेव्हा मी प्रत्येक वळणावर झुकून सांगायची. तो म्हणायचा, "पाहा, कशी ऐटीत वळते!" मी कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी होतं. एकदा मात्र सुनंदाबाई मला बागेकडून आणत होती. ओढ्याच्या वळणावर तिने एकदम वेग कमी केला आणि मला बाजूला घेऊन थांबवलं. मग मान वर करून तिने पिंजऱ्याकडे पाहिलं.

"अहो, गाडी डोक्यानं जड लागते," घरी येऊन ती म्हणाली.

"पिंजरा हाये ना वर. जड लागीनच."

"पिंजऱ्यापरीस जास्त लागते. वळणावर अंगावर येते माझ्या."

"तुले सवय नही अजून."

तिचं समाधान झालं नाही. पुनाला पाइपात वाळू भरताना तिने पाहिलं होतं. कौतिक आपले पैसे न्यायला आला तेव्हा तिने चहा देताना विचारलं, "कौतिकभाऊ, पाइपातली वाळू काढली होती ना?"

कौतिकचा कप ओठापाशीच थांबला. "काढलीच असीन ना वहिनी. पुनानं काढली असीन. बुचं होती टोकाले, मले वाटलं माश्यांसाठी ठोकली."

सुनंदाबाईने जीवरामला विनवलं, एवढंसं भोक पाडून पाहू. पण पिंजऱ्याला नुकताच लाल रंग दिला होता. जीवराम म्हणाला, "भोक पाडलं तं पाणी शिरीन, पाइप गंजीन. पुना काय इतका येडा हाये का?" बोलणं तिथेच संपलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला तो लागलाच.

शर्यतीच्या सकाळी सुनंदाबाईने पोरांना सासूबाईंकडे सोडलं आणि "जाऊन येते" एवढंच सांगून ती बसस्टँडकडे गेली. जीवरामला राग आला. बायको शर्यत बघायला येत नाही म्हणजे काय? त्याने मला सुरू केलं आणि आम्ही दोघंच धुळ्याला निघालो. त्या दिवशी रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं. एरवी चढावर सवयीने गरम होणारी मी त्या दिवशी मुद्दाम गरम व्हायला बघत होते. पण नशीब बघा, अगदी शहाण्यासारखी धावले.

माळावर ही गर्दी. जीवरामने हेल्मेट घातलं, पट्टा बांधला. आमच्या पुढच्या गाड्या एकेक करून सुटत होत्या आणि त्या उतरंडीमागे नाहीशा होत होत्या. आमच्या पुढे आता एकच गाडी राहिली होती. तेवढ्यात गर्दीतून धापा टाकत सुनंदाबाई आली. चप्पल धुळीने भरलेली, पदर कमरेला खोचलेला.

"मी पुनाकडे गेली होती," ती म्हणाली. "तो म्हणतो, वाळू भरली मी, पण काढली नही. आखाजी आली, मी निघून गेलो. वाळू आतच हाये, अहो."

जीवरामचा चेहरा उतरला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. "आता इतक्या लोकांत पिंजरा कापत बसू काय? उतरंडीले हळू घेईन."

माझ्या पुढून वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला आली, निऱ्या सावरल्या आणि शेजारच्या सीटवर बसली. पट्टा कसा बांधतात ते तिला माहीत नव्हतं. तिने तो नुसताच मुठीत धरला.

"उतर," जीवराम म्हणाला.

"नही."

"पोरं घरी हायेत."

"तुमचीबी तीच हायेत."

लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं गेलं. यावलचे जीवराम, असं स्पष्ट. झेंडेवाला पुढे आला. जीवराम समोरच्या उतरंडीकडे पाहत होता, मग त्याने शेजारी पाहिलं, तिच्या मुठीतल्या पट्ट्याकडे. स्वतःसाठी जे त्याला दिसलं नव्हतं, ते तिच्यासाठी त्याला दिसलं. त्याचा हात चावीपाशी गेला आणि त्याने माझं इंजिन बंद केलं.

लोक हसले, कोणी शिट्टी मारली, कोणी "यावलवाले घाबरले" म्हणालं. आम्हाला ढकलत बाजूला नेलं. जीवरामने कोणाकडून तरी हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, मागून आणली आणि एकेका पाइपाला खालून पाती लावली. लोखंड कापलं गेलं तशी वाळू भसाभसा खाली आली. तिचा केवढा ढीग झाला! हसणारे चूप झाले. जीवराम तिथेच धुळीत बसला आणि त्याला रडू आवरेना. सुनंदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि मी, इतक्या दिवसांनी, हलकी झाले होते.

पुढे शर्यतींचं वेड ओसरलं. आता मी गोठ्याशेजारी उभी असते, टायरांत हवा नाही, सीटवर कोंबड्या बसतात. जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा अशी विनंती मी करणार नाही. ते तुम्हाला शाळेत शिकवतातच. माझं सांगणं वेगळं आहे. दुसऱ्याने अर्धं केलेलं काम तुमच्या हाती आलं, तर "त्याने केलं असेल" असं म्हणून पुढे जाऊ नका. त्याला विचारा. आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला असेल, तर बस धरून जा, पण विचारून या.