माप न घेता कात्री

त्या सकाळी शिंपी आजोबा स्वतःचीच पँट आत घेत होते. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा!

"आता मागचे खिसे एकमेकांशी गप्पा मारतील," ते नातीला म्हणाले. "कसला मेला अल्सर, माणसालाच उसवतोय."

नातीला हसू येईना. खरा रिपोर्ट तिच्या दप्तरात होता. बाबांनीच तो तिथे लपवला होता, कारण आजोबा तिच्या दप्तराला कधी हात लावत नसत. जठराचा कॅन्सर. वय अठ्ठ्याहत्तर.

"सांगायचं नाही," आत्याने फर्मान काढलं होतं. "हाय खाऊन बसतील. अल्सर आहे, छोटंसं ऑपरेशन आहे म्हणा, झालं!" तेव्हापासून आजोबा खोलीत आले की सगळे घाईघाईने विषय बदलायचे.

सर्जनबाईंनी बाबांना मात्र स्पष्ट सांगितलं होतं. जठराचा बराचसा भाग काढावा लागेल. या वयात नंतर न्यूमोनिया होऊ शकतो, आतला जोड गळू शकतो. काही जण घरी परत येत नाहीत. नीट पार पडलं, तर काही वर्षं मिळूही शकतात. "नुसतं वय नाही बघत मी, दम किती आहे ते बघते," असं म्हणून त्यांनी आजोबांना आत बोलावून विचारलं होतं, "जिना चढता?"

"दोन मजले, एका दमात!"

साफ खोटं! आजोबा रोज पाचव्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करत धापा टाकायचे. छोट्याशा ऑपरेशनसाठी कशाला नसत्या चौकश्या, लवकर सुटका होऊ दे, एवढाच त्यांचा हिशोब.

आणि ऑपरेशन परवावर आलेलं.

नातीने दप्तर उघडून रिपोर्ट मशीनवर ठेवला. "आजोबा, हा अल्सर नाहीये."

"वेड लागलंय का तुला?" बाबा आतून धावत आले.

आजोबांनी कागद वाचला. मशीनच्या पायट्यावरचा पाय थांबला. "मी मरणार का गं?"

"माहीत नाही. मला खूप भीती वाटतेय."

ते मुलाकडे वळले. "आयुष्यात कधी माप न घेता कात्री लावली नाही मी. आणि तू माझ्याच पोटाला?"

"तुम्ही घाबराल म्हणून, अण्णा…"

"घाबरलोच आहे! पण निदान कशाला घाबरायचं ते तरी कळलं."

दुसऱ्या दिवशी ते सर्जनबाईंना म्हणाले, "बाई, खोटं बोललो. पाचव्या पायरीला थांबतो मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उद्या तुम्हाला टेबलावर घेतलं असतं तर…" त्यांनी तारीख रद्द केली. नव्या तपासण्या, तीन आठवडे पोषण, श्वासाचे व्यायाम, मग ठरवू. धोका तरीही राहीलच.

"मग ठरवेन मी," आजोबा म्हणाले. "सही माझी. नको वाटलं, तर नकारही माझा."

आज, दोन आठवड्यांनी, ते सातव्या पायरीवर थांबले. चपलेला हात न लावता, उघड धापा टाकत. नात शेजारी उभी होती, भेदरलेली, त्यांचा हात घट्ट धरून.

तुमच्या घरातला असा कागद कोणाच्या दप्तरात आहे? ज्याचा आहे, त्याला द्या.