व्याह्यांसमोर हरायचं ठरलं तेव्हा

देशाच्या दक्षिण टोकाला, सा-देक गावच्या कालव्याकाठी लुआबाईंचा तांदळाच्या पापडांचा कारखाना होता. पापडांना गिऱ्हाईक भरपूर, पण पत्ते खेळायला बाईंसमोर बसायला आळीतलं कुणी सहसा तयार नसे. हरण्याचं कुणाला काही वाटत नसे. समोरचा हरल्यावर बाई ज्या हसत, ते सोसवत नसे. मागच्या तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणात, त्यांनी सख्ख्या दिराच्या दोन्ही गालांना हंड्याच्या बुडाची काजळी फासली आणि वर आरसा आणून दिला. दीर न जेवताच निघून गेला.

म्हणून यंदा सणाला उत्तरेतून होणारे व्याही येणार हे ठरल्यावर हुओंगने, लुआबाईंच्या एकुलत्या एका लेकीने, आईकडून वचनच घेतलं. पत्ते निघालेच तर व्याह्यांकडून हरायचं. आणि हसायचं नाही.

"गालातल्या गालातसुद्धा नाही?" बाईंनी विचारलं.

"गालातल्या गालात तर मुळीच नाही. तुझं ते हसू जास्त झोंबतं."

व्याही खोय हे नाम-दिन्हकडचे निवृत्त स्टेशनमास्तर. बसले तरी उभे असल्यासारखे वाटत. मुलगा लाम, हुओंगचा होणारा नवरा, त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. नारळपाण्यात शिजवलेलं मांस झालं, केळीच्या पानातला चिकट भात झाला, पण लग्नाच्या तारखेचा विषय निघाला की लुआबाई कुणाला तरी अजून वाढायला उठत. लेक लग्न होऊन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणार. ती पुन्हा कधी दिसेल, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी शेजारचा बदकवाला बिएन, जो फक्त जेवायला आला होता, म्हणाला की पत्ते काढा.

हुओंगने आईकडे एकदा रोखून पाहिलं आणि तिच्या पाठीशी जाऊन बसली.

तिएन लेन हा खेळ तिकडे पोराटोरांनाही येतो. प्रत्येकाला तेरा पत्ते, आणि इस्पिकची तिर्री ज्याच्याकडे, त्याची पहिली उतारी. एकट्या पत्त्यावर वरचढ पत्ता, जोडीवर वरचढ जोडी, तीन सारख्यांवर वरचढ तीन सारखे. नसेल किंवा टाकायचा नसेल तर पास. सगळे पास झाले की शेवटचा पत्ता ज्याचा, त्यानेच पुन्हा उतरायचं. हात रिकामा झाला की सुटलात, आणि मागे उरेल त्याच्या गालाला काजळी. सगळ्यांत मोठी दुर्री. तिला डुक्कर म्हणतात. तिला कापायचं तर लागोपाठच्या तीन जोड्या लागतात.

बिएन पहिला सुटला, मागोमाग लाम. उरले दोघे व्याही. लुआबाईंनी हातातला सर्वांत हलका पत्ता टाकला, किलवरची पंजी. यावर काहीही चाललं असतं.

"पास," मास्तर म्हणाले.

बाईंनी छक्की टाकली. पास. अठ्ठी टाकली. पास. हरायला बसलेल्या बाईंचा हात आपोआप रिकामा होत चालला आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. शेवटचा पत्ता उरला. तो टाकला की जिंकणं आलं, आणि उतारी त्यांचीच असल्यामुळे पास म्हणायचीही सोय नाही. त्या तो पत्ता धरून नुसत्या बसून राहिल्या.

तेवढ्यात रिकामा बसलेला बिएन मास्तरांच्या खांद्यावरून डोकावला. "काय हो मास्तर, हातात दोन-दोन डुकरं आणि पंजीवर पास?"

लुआबाईंनी पत्ता खाली ठेवला. "व्याहीबुवा, मी काय आजारी दिसते तुम्हाला?"

मास्तरांचे कान लाल झाले. ते मुलाकडे पाहायला लागले, मुलगा चहाच्या किटलीकडे. मग त्यांनी सांगून टाकलं की लामने वाटेत तीनतीनदा बजावलं होतं, विहीणबाईंना हरलेलं चालत नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच हरा.

"आणि मला हिनं बजावलं की तुम्हीच जिंकायला हवं," बाई हुओंगकडे बोट दाखवून म्हणाल्या. "म्हणजे आज या घरात खेळणार कोण होतं? बिएनची बदकं?"

मास्तर हसले. पहिल्यांदाच त्यांची पाठ थोडी वाकली. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि पत्ते पिसायला घेतले, तेव्हाच बाईंना संशय आला, कारण हात सराईत होता. उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघत पत्ते पिसण्यात मास्तरांचा जन्म गेला होता.

या डावातही शेवटी दोघंच उरले. मास्तरांनी एक्का टाकला. लुआबाईंनी त्यावर बदामची दुर्री आपटली; तिच्यावर पत्ताच नसतो. त्या मागे रेलणार, तोच मास्तरांनी उरलेले सहाही पत्ते एकेक जोडी करून मांडले. सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या. हात रिकामा.

हुओंगने डोळे मिटून घेतले. बाई स्वतःच चुलीकडे गेल्या, हंडा उचलून आणला आणि गाल पुढे केला. मास्तरांनी करंगळीने जेमतेम ठिपका लावला.

"नीट लावा," त्या म्हणाल्या. "मी काही साखरेची नाही."

मग मात्र खेळ रंगला. मास्तरांचा उजवा गाल गेला, डावा गेला, मग कपाळ. बिएनची बदकं बाहेर ओरडून ओरडून थकली. पत्ते वाटता वाटता मास्तर सहज म्हणाले की दहाव्या महिन्यात, भात कापून झाल्यावर लग्न उरकू या. बाईंनी हातातले पत्ते लावत, मान वर न करता विचारलं, "आणि दर तेतला ती इकडे येईल?"

"येईल की. मीही येईन तिच्याबरोबर. तुमची उतारी, विहीणबाई."

लुआबाईंना क्षणभर हातातले पत्तेच दिसेनात. त्यांनी चुलीच्या धुराला दोष दिला, बाहीने डोळे पुसले, त्याबरोबर गालावरची काजळी नाकापर्यंत पसरली, आणि मग त्यांनी एकदम तीन राण्या टाकल्या.