कंपनीने परत बोलावलेली गाडी

"हा औषधाचा वास नाई," रुपीबाई म्हणाली. तिने ओली चिंधी बादलीत टाकली आणि पुन्हा व्हॅनच्या दारात वाकली.

"मंग काय अत्तराचा हाय?" डोंगरसिंग बाजेवर बसून चहा फुंकत होता. "उर्वशी पोटात होती तवा तुले माह्या अंगाचाई वास सहन नोता होत. दोन महिने ओसरीत झोपवलं मले."

"हासू नका. पेट्रोलचा हाय."

"पेट्रोलच्या गाडीले पेट्रोलचाच वास येईन. ताकाचा कुठून येईन?"

रुपीबाई सीट घासू लागली. आदल्या दिवशी याच सीटवर एक गडी उलट्या करत घाटंजीच्या दवाखान्यात गेला होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडातली अळी काही केल्या हटत नव्हती. पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरलेला माणूस औषधाच्या धुक्यात दिसेनासा व्हायचा. कोणी संध्याकाळी डोळे चोळत घरी यायचा, कोणाला तिथूनच उचलून आणावे लागायचे. औषधाचा वास तांड्यातल्या कपड्यांना होता, भाकरीला होता, लेकरांच्या केसांना होता. सगळ्यांच्या नाकांनी हार मानली होती. रुपीबाईला पाचवा महिना लागला होता म्हणून तिचे नाक तेवढे जागे होते.

तांड्यात चारचाकी एकच. बाजाराच्या दिवशी डोंगरसिंग तिच्यात शिटा भरायचा, लग्नसराईत नवरदेव न्यायचा आणि फवारणी सुरू झाली की दवाखान्याची वाट धरायचा. गाडीची चावी दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगलेली असे. डोंगरसिंग घरी नसला तर चालवता येणारा कोणीही ती काढून घेई, पेट्रोल स्वतःचे घाली आणि काम झाले की चावी परत अडकवून जाई. विचारायची पद्धत नव्हती. गाडी डोंगरसिंगची, चावी तांड्याची. धुणे मात्र रुपीबाईचे. लग्न होऊन आली तेव्हा ती सासऱ्याचे बैल धूत असे. बैल गेले, व्हॅन आली, बादली तीच राहिली.

घाटंजीच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी देवराव भेटले. तहसीलमधून रिटायर झालेले, व्हॅनचे पहिले मालक.

"डोंगर, बरं झालं बाप्पा भेटला. गाडी चालवून राह्यला काय अजून?"

"चालवून राह्यलो म्हणजे? तेच तं खाऊ घालून राह्यली."

"कंपनीतून मले फोन आलता. त्यायच्या कागदावर मीच मालक हावो ना. त्या सालच्या साऱ्या गाड्या वापस बोलावून राह्यले. पेट्रोलची नळी खराब निंगाली म्हणे, तडकते. पेट्रोल इंजिनवर गळलं तं पेट घेऊ शकते. फुकटात बदलून देतात, यवतमाळले."

"कवा आलता फोन?"

"झाला असन महिना." देवरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुहा नंबर नोता माह्यापाशी."

रुपीबाईने नवऱ्याकडे नुसते पाहिले. डोंगरसिंग कांदे निवडू लागला, जणू सगळा दोष कांद्यातच होता.

यवतमाळच्या शोरूममध्ये रुपीबाई हट्टाने सोबत गेली. काचेच्या दारातून आत जाताना तिने चपला बाहेर काढल्या, मग कोणीच काढत नाही हे पाहून मागे फिरून घातल्या. टाय लावलेल्या पोराने गाडीचा नंबर संगणकात टाकला आणि मान हलवली.

"यादीत आहे तुमची गाडी. पण नळी नागपूरहून यायची आहे. गाडी ठेवून जा, आम्ही फोन करू."

"कवा?"

"आठवडा धरा. पंधरा दिवसही लागतील."

"फवारणीचे दिवस हायेत साहेब. येवढे दिवस नाई ठेवता येत."

"मग तुमच्या जबाबदारीवर घेऊन जा. पण चालवू नका, धोका आहे."

"चालवू नको तं नेऊ कशी? खांद्यावर?"

पोरगा ओशाळून हसला.

परतीच्या वाटेवर रुपीबाई मागच्या सीटवर उर्वशीला मांडीत घेऊन बसली. एक हात पोरीभोवती, एक दाराच्या कडीवर. त्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. डोंगरसिंग त्याच्यावर बसून गाडी हाकत होता आणि ती सबंध रस्ताभर त्याच्या पाठीकडे बघत होती. घरी पोचल्यावर तिने चावी काढली ती खिळ्याला अडकवली नाही. पदराला बांधली.

"नळी येईपर्यंत गाडी उभी," ती म्हणाली.

"बरं."

"शपथ घ्या."

"उर्वशीची."

गाडी आजारी असल्याचे तांडाभर झाले. शेजारचा बादल येऊन टायरला लाथ मारून गेला. हा बादल म्हणजे मजुरीने फवारे मारणारा, उंच, हसरा माणूस. व्हॅन चिखलात फसली की ढकलायला पहिला खांदा त्याचा लागायचा. "बिमार माणसं नेऊन नेऊन लागण झाली असन हिले," तो म्हणाला, आणि त्याची बायको रुखमाबाई कुडाच्या पलीकडून ओरडली, "तुमची जीभ कवा बिमार पडन?"

चार दिवसांनी, ऊन कलायच्या सुमारास, तीच रुखमाबाई अनवाणी धावत आली.

"भिया! ह्यायले दिसून नाई राह्यलं! तोंडाले फेस आला, हातपाय झटकून राह्यले!"

डोंगरसिंगचा हात सवयीने खिळ्याकडे गेला. तो रिकामा खिळा चाचपून त्याने रुपीबाईकडे पाहिले. तोवर चौघे बादलला खांद्यावर घेऊन अंगणात आले होते. त्याचा सदरा औषधाने निथळत होता.

"दे," डोंगरसिंग म्हणाला.

"नाई."

"रुपी, घाटंजी काय दूर हाय? हळू नेतो."

"हळू नेली तं इंजिन थंडं राह्यते काय? सकाळी खाली वाकून पाह्यलं म्या. माती ओली हाय गाडीखालची. बोट लावून वास घेतला." पदर तिने मुठीत घट्ट धरला होता. "एकशे आठले लावा फोन."

"लावला," बादलला उचलून आणणाऱ्यांतला खेमसिंग म्हणाला. "त्यायची गाडी दुसऱ्या गावी हाय, तिकडच्या नाल्याले पाणी हाय, फिरून येतो म्हणते."

रुखमाबाई खाली बसली. तिने रुपीबाईचे पाय धरले. "भोजाई, पाया पडतो तुह्या. जळू दे गाडी, मी भरून देईन, जन्मभर तुह्या वावरात राबीन."

"गाडीचं नाई वो रुखमा." रुपीबाईला ओरडायचे नव्हते, पण ओरडली. "हे चालवतीन, तू बसशीन, बादलभाऊ, आनखी एक धराले. चार जणं जळतीन!"

एक म्हातारा पुटपुटला, "हिसक ना लेका, बायकोच हाय तुही." डोंगरसिंगने त्या पदराकडे पाहिले, बायकोच्या पोटाकडे पाहिले. पाऊल उचलले नाही.

"खेमसिंग, मोटरसायकल काढ," तो म्हणाला.

बादलला दोघांच्या मध्ये बसवले. रुखमाबाईने डोक्यावरची ओढणी काढून दिली, त्या ओढणीने त्याला मागे बसलेल्या डोंगरसिंगच्या छातीशी बांधले. ओला सदरा काढावा हे कोणाच्या ध्यानात आले नाही. अंगावरचे औषध घाटंजीपर्यंत त्याच्या अंगात मुरत गेले. तिथून त्याला यवतमाळला पाठवले. दोन दिवस त्याने काढले, तिसरा निघाला नाही. थोडे आधी आणले असते तर वाचला असता का, असे डोंगरसिंगने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही.

तांड्यात रुपीबाईला कोणी एक शब्द लावून बोलले नाही. हापशीवर ती गेली की बायका बाजूला होत आणि तिचा हंडा आधी भरू देत. पोटुशी बाई म्हणून असेल. पूर्वी मात्र तिला भांडून नंबर लावावा लागत असे. भांडणारी रुखमाच असे. आता रुखमाबाई यायची, आपली घागर भरायची आणि निघून जायची. रुपीबाईने भाजी पाठवली तर वाटी घासून दारात परत ठेवलेली असे.

नळी आली तेव्हा कपाशी फुटली होती. शोरूमच्या मागच्या बाजूला मिस्त्रीने जुनी नळी काढून फडक्यावर ठेवली. रुपीबाई वाकून बघत राहिली. करंगळीएवढी जाड, काळी नळी, वळणाच्या जागी केसासारखी भेग.

"पेटली असती काय?" तिने विचारले.

"आं?"

"गाडी. पेटली असती काय?"

मिस्त्रीने हात पुसले. "असती बी, नसती बी, बाई. अशाच नळीच्या गाड्या सालोसाल चालून राह्यल्या. एखादीच पेटते."

"त्या दिवशी पेटली असती?"

"कोण्या दिवशी?"

रुपीबाईने मान हलवली, काही नाही अशी. पदराचे टोक तोंडाला लावून ती गाडीत जाऊन बसली. डोंगरसिंगने गाडी सुरू केली.

तांड्याच्या अलीकडे, नाला ओलांडल्यावर, रस्त्यात पुढे एक बाई चालताना दिसली. डोक्यावर कापसाचे गाठोडे, कंबर ताठ. डोंगरसिंगने गाडी तिच्या बाजूला नेऊन थांबवली.

"बस रुखमा. ओझं मागं टाक."

रुखमाबाईने गाडीकडे पाहिले, मग आत रुपीबाईकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर रुपीबाईला तो घेता आला असता.

"जा तुमी," ती म्हणाली. "माही चालायची वाट हाय हे."

आणि ती चालू लागली. रस्त्याच्या मधोमध.

डोंगरसिंगला गाडी पुढे काढता आली असती, जागा होती. त्याने पहिला गिअर टाकला आणि तिच्या पावलांच्या चालीने तो मागे मागे येत राहिला. उर्वशीने आईला विचारले, "याडी, आपन हळू काहून चाल्लो?" रुपीबाईने तिला जवळ ओढले. मागून आलेल्या ट्रकने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. डोंगरसिंगने खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली. ट्रक धूळ उडवत दोघांनाही ओलांडून गेला. रुखमाबाईने डोक्यावरच्या गाठोड्याला एक हात लावला. ती कडेला झाली नाही, आणि तांडा येईपर्यंत तिने मागे वळूनही पाहिले नाही.