फरकबाबा आणि पाच टक्क्यांचं पान

वडनेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. हिंगणघाटहून ऑटो भरभरून येत. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली आणि खिशात दवाखान्याची मळकी चिठ्ठी. मंचावर समत्वानंद महाराज आणि त्यांच्या मागे बारा फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर महाराजांच्या डोक्यामागे तेजोवलय, आणि पायाशी मोठ्या लाल आकड्यांत छापलेलं: ३.४२ > ३.१८.

बाया त्या आकड्यांना हळद-कुंकू लावत. मधल्या ‘पेक्षा मोठा’च्या खुणेला महाराजांचं काही शस्त्र समजून एका म्हाताऱ्यानं तिच्यावर डोकं टेकवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

“मैं बीमारी नहीं मिटाता,” महाराज माईकमध्ये गरजत, “मी फक्त फरक पाडतो! बोला, फरक पडला का?”

“पडला!” शेड दणाणून जाई.

एकदा जयवंताबाई उठून म्हणाल्या, “महाराज, माही शुगर तं वाढली.”

“वाढली म्हंजे फरकच ना, माई! आतलं विष वर येऊन राह्यलं.”

“माही उतरली,” मागून नत्थू म्हणाला.

“उतरली? जय हो! फरक!”

तिसऱ्याची होती तिथंच होती. “पहिले हलत होती, आता थांबली. हा तं सर्वात मोठा फरक!”

लोक त्यांना फरकबाबाच म्हणू लागले होते. आपल्याकडे डॉक्टर विचारतो, ‘फरक आहे का?’ आणि पेशंट म्हणतो, ‘हो, फरक आहे.’ म्हणजे आराम आहे. वाढलेल्या दुखण्याला कोणी फरक म्हणत नाही. महाराजांनी हा शब्द बरोबर हेरला होता. अर्थ घ्यायचा डॉक्टरचा आणि हिशेब ठेवायचा दोन्हीकडचा.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात आणखी एक फोटो होता. टक्कल पडलेला, शाल पांघरलेला, ओशाळं हसणारा माणूस. खाली लिहिलं होतं: ‘विज्ञानाची मोहर! प्रा. रूपराव झाडे, संख्याशास्त्र.’

तो मी. तो लाल आकडाही माझाच.

एकतीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं ठोकली. शेजाऱ्याच्या दारावरचं लिंबू तोडून त्याचं सरबत प्यालो आणि वर ते वर्गात रंगवून सांगितलं. मग निवृत्त होऊन बोरगाव मेघेत घर बांधलं, आणि लाइटबिलाची शेवटची तारीख सोडून मला कोणी काही विचारेना. अशात एका सकाळी महाराजांच्या ट्रस्टचे सचिव लक्ष्मणराव दारात उभे राहिले.

“सर, तुमच्यासारखा विद्वान या जिल्ह्यात दुसरा नाई. आमचं काम तुम्हीच तपासा. खोटं असन तं खोटं म्हना!”

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा चहा पाजला.

त्यांनी कागद पुढे केला. दोन रकाने, ‘अ’ आणि ‘ब’. प्रत्येकात दहा पेशंट, आणि पंधरा दिवसांत प्रत्येकाची साखर किती बदलली त्याचा आकडा. एका गटाला तीर्थ दिलेलं, दुसऱ्याला साधं पाणी. महाराजांचा दावा असा की तीर्थानं साखर ठिकाणावर राहते, उड्या मारत नाही. कागदावर प्रश्न मात्र एवढाच होता: ‘दोन गटांच्या चढउतारात फरक आहे का?’

कोणता रकाना तीर्थाचा, हे कागदावर नव्हतं. मीही विचारलं नाही.

दोन्ही रकान्यांचं प्रचरण, म्हणजे चढउताराचं माप, काढलं. मोठं वर ठेवलं, लहान खाली, आणि भागलं. ३.४२ आलं. या भागाकाराला आम्ही ‘एफ’ म्हणतो. तक्त्यात त्याच्यासाठी एक रेघ ठरलेली असते, तिला म्हणायचं क्रांतिक मूल्य. एफ रेघेच्या पुढे गेला तर फरक निव्वळ योगायोगाचा दिसत नाही, असं म्हणता येतं. पाच टक्क्यांच्या पानावर, दहा-दहा पेशंटांसाठी एकेक कमी करून पाहायच्या नऊ-नऊच्या खणात, रेघ ३.१८ वर होती.

“निघाला का फरक, सर?” लक्ष्मणरावांनी बशी खाली ठेवत विचारलं.

“निघाला,” मी म्हणालो आणि सही केली. पुढच्या गुरुवारी शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या.

महिनाभरानं भावना घरी आली. ती वडनेरच्या उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी. काखेत रजिस्टर होतं आणि चेहरा उतरलेला.

“सर, देवकाबाईले काल वर्ध्याले भरती केलं. शुगर पाचशेच्या वर गेलती. पायाची जखम चिघळली. तीन आठवड्यांपासून इन्सुलिन बंद होतं त्याहिचं.”

“बंद? काऊन?”

“म्या लय समजावलं. पन त्या म्हने, आमच्या रूपरावनं सही केली, मंग काय पाह्यचं.”

देवकाबाई माझी थोरली बहीण.

भावनानं रजिस्टर उघडलं. ट्रस्टवाले तिच्याच नोंदी उतरवून घेऊन गेले होते, कशासाठी ते न सांगता. “सर, ‘अ’ गट कोनता, मालूम आहे तुमाले?”

“नाही.”

“तीर्थवाल्यांचा. कोन तीर्थ पेत होतं, ते मी इचारून टिपलं आहे. पाहा, कोनाची दीडशेनं वर, कोनाची साठनं खाली. पानीवाल्यांची तं जागच्या जागी आहे.”

मोठं म्हणून मी जे वर ठेवलं होतं, ते तीर्थाचं होतं. उड्या तेच मारत होतं.

“आनखी एक, सर.” तिचा आवाज खाली आला. “नर्सिंगले आमाले संख्याशास्त्र थोडंच शिकवलं होतं. पन फरक कोन्याही बाजूनं निघू शकत होता ना? मंग दोन शेपट्यांची कसोटी लागते. पाच टक्के अर्धे इकडं, अर्धे तिकडं. अडीच टक्क्यांचं पान पाहा लागते. तिथं ४.०३ आहे. तुमचं ३.४२ तिथवर पोचतच नाई. म्हंजे या आकड्यांवरून काहीच म्हनता येत नाई.”

मी रजिस्टर मिटून तिच्याकडं सरकवलं.

“चुकून पाह्यलं असन ना सर ते पान?” तिनं मला वाट काढून दिली.

“हो,” मी म्हणालो, “चुकून.”

शब्द तोंडातून निघाला आणि माझे कान तापले. पोरीच्या वयाच्या बाईनं शरमेतून सुटायला दार उघडून दिलं, आणि मी त्यातून मुकाट बाहेर पडलो होतो.

गुरुवारी मी भावनाला घेऊन शेडमध्ये गेलो. लक्ष्मणरावांनी लगबगीनं माईक माझ्या हातात दिला. त्यांना वाटलं, आणखी स्तुती येते आहे.

“लोकहो, हा फ्लेक्सवरचा आकडा खोटा आहे,” मी म्हणालो. “बैल उजवीकडं पळन का डावीकडं, ठाऊक नसन तं कुंपन दोन्हीकडं घाला लागते. आमच्या शास्त्रात शंभरात पाचदा चुकाची सूट असते. फरक कोन्याही बाजूचा चालन म्हटलं, का ती सूट दोन्हीकडं वाटा लागते. एका बाजूले अडीचच उरते, आन् रेघ दूर जाते. रेघ ३.१८ वर नाई, ४.०३ वर आहे. महाराजाचं तीर्थ तिथवर पोचलं नाई.”

“प्रोफेसर साब,” महाराज हसले, “दशमलव छोडो. फरक है कि नहीं?”

“कोन्या बाजूनं, महाराज?” भावनानं खालून विचारलं. “साखर जास्त उड्या मारत होती ती तीर्थवाल्यांची. माह्या रजिस्टरात आहे.”

“फरक तो फरक होता है, बेटी!”

तेवढ्यात जयवंताबाई उठल्या. “मंग महाराज, माही वाढली तवा फरक, या नत्थूची उतरली तवा बी फरक. काय झालं असतं तं तुमी ‘नाई पडला’ म्हटलं असतं?”

महाराजांनी डोळे मिटले, माळ फिरवली. एवढंच त्यांचं यंत्र होतं: असा दावा करायचा की काहीही घडलं तरी तो खरा ठरावा. तो दावा एका बाजूनं मोजून त्यावर शिक्का मारायला त्यांना एक प्राध्यापक हवा होता.

“पन सर,” नत्थू म्हणाला, “तुमी पहिले काऊन लिहून देल्लं?”

चुकून. तो शब्द अजून तोंडात तयार होता. मी भावनाकडे पाहिलं आणि तो गिळला.

“मी पहिले अडीच टक्क्यांचंच पान उघडलं होतं,” मी म्हणालो. “४.०३ पाह्यलं. आकडा पोचत नाई हे मले त्याच वक्ती दिसलं. समोर लक्ष्मणराव बसले होते. मले वाटलं, नाई म्हटलं तं पुन्हा मले कोनी बोलावनार नाई. म्हनून मी पान पलटवलं. या एका चुकीसाठी एकतीस वर्षं मी पोरांचे दोन मार्क कापले.”

“सुना?” महाराजांचे डोळे टक्क उघडले. “आदमी झूठा निकला!”

“हो. अन् तुमच्यापाशी पुरावा म्हनून हाच एक झूठा होता.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक माझ्याकडे पाहत होते, आणि ते पाहणं मला अजून सोसत नाही. निम्मे उठून गेले. निम्म्यांनी त्या दिवशीही बाटल्या भरल्या. पण पुढच्या आठवड्यात भावनाच्या उपकेंद्रात इन्सुलिन मागायला सातजण आले, त्यांत जयवंताबाई होत्या.

देवकाबाईच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं, पान पलटल्याचंसुद्धा.

“मी त्या बाबावर कुठी इस्वास ठेवला रे?” ती म्हणाली. “त्याले तं मी ओयखत बी नाई. मी तुह्यावर ठेवला.”

म्हणून हात जोडून एवढंच मागतो. कोणी ‘फरक पडतो’ म्हटलं की थांबा आणि विचारा: कोणत्या बाजूनं? किती? आणि काय दिसलं तर तू ‘नाही पडला’ असं कबूल करशील? डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. भगव्या कपड्यातल्याला विचारता तसंच चष्मा लावून सही करणाऱ्यालाही विचारा, तो घरचा असला तर आधी विचारा. देवकाबाईनं मला एकदा जरी विचारलं असतं, तर मला ते पान पुन्हा उघडावं लागलं असतं. तिनं विचारलं नाही, कारण तिचा भाऊ शिकलेला होता.