सलूनच्या बाटलीतला वास

खुरातली अळी काढायची तर काडी आडवी धरावी लागते. उभी खुपसली की शेळी लाथ घालते आणि अळी आणखी आत जाते. शेळीवाल्याच्या थोरल्या मुलीच्या हाताला हे पाठ होतं. दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, गोठ्यातला मुताचा उग्र वास डोळ्यांना झोंबत होता आणि थोरली शेळीचा पाय मांडीवर घेऊन एकेक पांढरी, वळवळती अळी राखेत टाकत होती.

दारात तिची मैत्रीण नाकाला रुमाल लावून उभी होती. टेलरची मुलगी. तिला सगळं गाव रेडिओ म्हणायचं, कारण ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण आजवर कुणाला सापडलेलं नव्हतं.

"शी शी शी! आत्ता जेवून आलेय गं मी. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटायचंय काय त्यात? तिचा पाय सडतोय, माझा नाही."

"बरं, ते मरू दे. ऐक. फुग्या आज तुला विचारणार आहे."

"काय विचारणार?"

"अगं बाई, विचारणार म्हणजे विचारणार! आता सगळं मीच फोडून सांगू का?"

थोरलीच्या हातातली काडी थांबली. पहिल्यांदा तिला कसंतरी झालं. अळ्यांनी जे कधी केलं नव्हतं ते या एका वाक्यानं केलं.

फुग्या म्हणजे सलूनवाल्याचा मुलगा. गाल लहानपणापासून असे, की कुणीतरी आतून फुंकर मारून ठेवलीय. तिघं एकाच वर्गात, एकाच वाटेनं शाळेत जाणारी. ओढ्यात बेडूक पकडणं, चिंचा पाडणं, मार खाणं, सगळं तिघांनी मिळून केलेलं. आणि गेल्या काही दिवसांत या फुग्याला काय झालं होतं कुणास ठाऊक! थोरली समोर आली की तो चपलेकडे बघायचा. दर दोन वाक्यांनी केसांवरून हात फिरवायचा. परवा तर तिला म्हणाला, "आज छान ऊन पडलंय." ऊन छान! डोकं फुटायची वेळ आलेली, आणि म्हणे छान. शेळीच्या मागे मान वर करून ओठ मुडपत फिरणाऱ्या बोकडात आणि वयात आलेल्या पोरात फारसा फरक नसतो. बोकड निदान उन्हाबद्दल बोलत नाही.

"त्याला सांग, येऊ नकोस म्हणून. मला काम आहे," थोरली म्हणाली.

"आता कुठलं सांगणार? आलाच तो!"

त्याच्या आधी त्याचा वास आला. गोड, ओशट, डोकं उठवणारा. सलूनमध्ये दाढी झाली की त्याचा बाप गिऱ्हाइकाच्या गालावर ज्या हिरव्या बाटलीतलं पाणी थापायचा, त्याच बाटलीतला. फुग्यानं बहुतेक ती अंगावर उपडीच केली होती. केस चापूनचोपून बसवलेले, शर्ट इस्त्रीचा, खिशात रुमाल, आणि तोही त्याच वासात बुडवलेला.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"अळ्या काढतेय."

"अरे वा!"

रेडिओ फिस्सकन हसली. थोरलीला मात्र हसू आलं नाही. तिला भयंकर राग आला, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं, ते जास्त टोचत होतं. वर्गात तिला लेंडी म्हणायचे. ती आली की मुली बाकावर सरकून बसायच्या, मुलं नाक धरून बें बें करायची. साबणानं कितीही घासलं तरी गोठ्याचा वास जात नाही, अंगाला तो बिलगून असतो. फुग्यानं मात्र कधी नाक धरलं नव्हतं. एकदाही नाही. आणि आज तो तिच्याकडे यायचं तर बाटली ओतून आला होता. म्हणजे यालाही आपला वास येतो, तिला वाटलं. यालाही आपली किळस वाटते, फक्त सांगत नाही.

"मला जरा बोलायचं होतं," फुग्या चपलेकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यातली काळी ओरडली.

काळी ही गोठ्यातली सगळ्यात जुनी शेळी. मागच्या खेपेला तिचं करडू मेलेलंच जन्मलं होतं, त्याच्या आधीचं पावसाळ्यात गारठून गेलं. थोरलीच्या बापानं या वेळेला साफ सांगून ठेवलं होतं, करडू जगलं तर ठीक, नाहीतर काळी खाटकाकडे. आणि बाप आज बाजाराला गेलेला, आई रानात. काळीचं दूध पिऊनच थोरली मोठी झाली होती. तिला खाटकाच्या गाडीत चढवायचं म्हणजे घरातलं माणूस चढवण्यासारखं होतं.

"बोलायचं नंतर बघ! गोणपाट आण आधी!" थोरली ओरडली.

वेणा मोठ्या होत्या. काळी उठबस करत होती, दात खात होती. थोरलीनं हात घालून आतला पाय सरळ केला आणि थोड्या वेळानं करडू घसरत बाहेर आलं. चिकट, पिवळट, वाफाळतं. मादी होती. रेडिओ भिंतीकडे तोंड करून "झालं का? झालं का?" करत होती. काळी मात्र दमून आडवी पडली, मान उचलायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मी हिच्यासाठी कोमट पाणी घेऊन येते," थोरली म्हणाली. "फुग्या, पिल्लाचं नाकतोंड तेवढं पूस. बाकी तिचं ती बघेल."

ती घराकडे धावली आणि इकडे फुग्याच्या आयुष्यातली मोठी संधी चालून आली. त्यानं खिशातला रुमाल काढला, नाक पुसलं, तोंड पुसलं. रेडिओनं भिंतीकडे बघतच सल्ला दिला, "अरे नीट पूस! चकचकीत कर अगदी! आली की खूश होईल ती!" मग त्यानं पाठ पुसली, पोट पुसलं, चारी पाय पुसले, कानांच्या आतूनही रुमाल फिरवला. करडू कुडकुडतंय असं वाटून त्याला इस्त्रीच्या शर्टाशी कवटाळलं. माणूस प्रेमात पडला की सांगितलेलं काम सोडून न सांगितलेलं काम दुप्पट करतो.

थोरली पाणी घेऊन आली तेव्हा काळी उभी राहिली होती. फुग्यानं मोठ्या दिमाखात करडू तिच्यापुढे ठेवलं. काळीनं नाक पुढे केलं. हुंगलं. जोरात शिंकली. आणि डोकं खाली घालून पिल्लाला अशी ढुशी दिली, की ते लेंड्यांवरून घरंगळत गव्हाणीला जाऊन आपटलं.

"अरे काय केलंस तू!"

"पुसलं की! तूच म्हणालीस ना?"

"नाकतोंड म्हणाले होते! तिनं चाटायचं असतं त्याला! चाटून ती ओळखते आपलं पिल्लू! आता त्याला तुझ्या सलूनचा वास येतोय. ती जवळ घेणार नाही त्याला, पाजणार नाही. मरेल ते, आणि ते मेलं की काळीपण जाईल. कळतंय का तुला?"

फुग्याचे गाल पांढरे पडले. करडू पुन्हा उठून आईकडे गेलं, काळीनं पुन्हा लाथाडलं. रेडिओचा आवाजच बंद झाला होता.

"आता काय करायचं?" फुग्यानं विचारलं. या वेळी तो चपलेकडे बघत नव्हता.

"शर्ट काढ. हौदावर जा, राखेनं अंग घास. साबण लावलास तर बघ! तो वास जाईपर्यंत घास."

तो कातडं लाल होईपर्यंत घासत राहिला. तिनं तोवर करडू कोमट पाण्यानं धुतलं, गोणपाटानं कोरडं केलं. मग तिघंही काळीच्या मागे वाट बघत बसली. अखेर काळीची वार, करडाच्या मागून येणारी पिशवी, पडली. जांभळी, काळपट, रक्तानं आणि चिकट पाण्यानं भरलेली. आंबूस, गरम वास गोठाभर पसरला. थोरलीनं ती घमेल्यात घेतली आणि फुग्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"पिल्लाला चोळ सगळीकडून. आणि तुझ्या हातांना, छातीला. मी काळीची शिंगं धरणार, पिल्लू सडाशी तूच धरायचंस. तुझा तो घाणेरडा वास राहिला असला तर ती परत उधळेल."

"माझा घाणेरडा?"

"मग कोणाचा?"

रेडिओ कुंपणाकडे पळाली आणि तिथून तिच्या जेवणाचा हिशेब सगळ्यांना ऐकू आला. फुग्यानं घमेल्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. त्याच्या घशातून विचित्र आवाज येत होते, पण त्यानं हात काढले नाहीत. करडाच्या पाठीला, पोटाला, कानांना चोळलं. मग स्वतःच्या दंडांना, छातीला फासलं. एक काळपट लोंबता तुकडा त्याच्या हनुवटीला चिकटला, तोही त्यानं तसाच राहू दिला.

थोरली शिंगं धरून बघत होती. राहवेना तेव्हा म्हणाली, "तुला माझा वास येतो ना रे? सगळ्यांना येतो तसा? म्हणून ओतून आलास ना बाटली?"

"येतो की. लहानपणापासून येतोय. त्यात काय?"

"मग?"

"मग काय? मला वाटलं, माझाच येत असेल. कापलेल्या केसांचा, शिळ्या फेसाचा. तुला नको वाटेल म्हटलं. ही रेडिओ म्हणाली, वास लावून जा."

"मी थोडा म्हणाले होते!" कुंपणाकडून आवाज आला.

थोरलीनं त्याच्याकडे बघत शिंगांवरची पकड सैल केली. किळस यावी असाच तो दिसत होता, आणि तिला ती मुळीच येत नव्हती. काळीनं मान वळवली. करडाला हुंगलं. काळीनं परत हुंगलं, घशातल्या घशात हलकं घुमली आणि जीभ बाहेर काढून पिल्लाची पाठ चाटू लागली. चाटता चाटता पुढे सरकून तिनं फुग्याचा दंडही चाटून काढला. करडानं सड पकडला आणि त्याचं शेपूट टुणटुण हलायला लागलं.

"हालू नको," थोरली पुटपुटली. "तुलापण पिल्लू समजलीय ती."

त्या दिवशी विचारायचं ते राहूनच गेलं. फुग्याला घरी बापानं रिकाम्या बाटलीपायी बदडलं आणि वासापायी अंगणात झोपवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या सगळ्यांनी नाकं धरली. सवयीनं माना थोरलीकडे वळल्या, आणि ती सवयीनं खाली मान घालून बसली. पण वास पलीकडून येत होता. फुग्याच्या शेजारचा मुलगा उठून दुसऱ्या बाकावर गेला, मग पुढचा गेला. सर खडू ठेवून म्हणाले, "कसली ही घाण? कोण काय तुडवून आलंय?"

फुग्या उभा राहिला. "माझा वास आहे, सर. काल शेळी व्यायली. दोन वेळा अंघोळ केली, जात नाही."

वर्ग फुटल्यासारखा हसला. कुणी बें बें केलं, कुणी ओरडलं, "लेंड्या!" फुग्याचे गाल लाल झाले, पण तो शांतपणे खाली बसला आणि वही उघडून लिहायला लागला. थोरलीनं मान वर केली, आणि मग ती दिवसभर वरच राहिली.

मधल्या सुट्टीत हौदापाशी तो एकटाच पाणी पीत होता. रेडिओ चक्क लांब उभी राहिली, वासामुळे की शहाणपणामुळे, ते तिचं तिला ठाऊक. थोरली त्याच्याजवळ गेली आणि नाक मुरडून म्हणाली, "शी! किती घाण वास येतोय रे तुला."

फुग्यानं तोंड पुसलं आणि सरळ तिच्याकडे बघितलं.

"तुझ्यासारखाच," तो म्हणाला. "संध्याकाळी येऊ का? करडू बघायला?"

"ये," ती म्हणाली. "रुमाल आणू नकोस."